59 विजयांचा रॅडबोर्न: त्याच्या हातानं हे सोसलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेकडून बेसबॉल खेळतो, पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आहे. सलग दोन दिवस टाकल्यावर घरच्यांनी 'आज हात राहू दे' म्हटलं की तो 'ओल्ड हॉस' या टोपणनावाच्या जुन्या अमेरिकन पिचरचं, रॅडबोर्नचं, नाव पुढे करतो. 1884 साली त्या माणसानं एका मोसमात 59 सामने जिंकले, सुरू केलेला एकही सामना अर्ध्यात सोडला नाही, मग मला काय धाड भरलीय, असा त्याचा युक्तिवाद. वडील विचारतायत: हे आकडे खरे आहेत का? खरे असतील तर त्याच्या हाताचं पुढे काय झालं? आणि जाता जाता, काही ठिकाणी 59 ऐवजी 60 का लिहिलेलं असतं?

आकडे खरे आहेत. चार्ल्स रॅडबोर्ननं 1884 मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडून 73 सामने सुरू केले आणि 73 ही शेवटपर्यंत टाकले. इनिंग (डाव, एका सामन्यात साधारण नऊ) झाल्या 678 पूर्णांक दोन तृतीयांश. 441 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), 12 पराभव, आणि दर नऊ इनिंगला त्याच्या खात्यावर सरासरी 1.38 धावा. आजच्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) मोसमात 200 इनिंग टाकणारा पिचर दुर्मीळ झालाय. तेव्हा मुलाशी आकड्यांवरून वाद घालू नका, हराल. वाद घालायचा तर त्या आकड्यांमागे नेमकं कसलं काम होतं यावर घाला. मी सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्हीतल्या पिचरना शिकवतो, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. रॅडबोर्न जे करत होता आणि तुमचा मुलगा जे करतो, त्या दोन्हींना पिचिंगच म्हणतात. खांद्याला आणि कोपराला मात्र ही दोन वेगळी कामं वाटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या मुलाचा हात मी पाहिलेला नाही. तो किती वेगानं टाकतो, ॲक्शन कशी आहे, गेल्या वर्षभरात उंची किती वाढली, शाळेशिवाय क्लबकडूनही खेळतो का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे त्यानं नेमके किती बॉल टाकावेत हे इथे बसून मी छातीठोकपणे सांगणार नाही. रॅडबोर्नचं उदाहरण त्याला का लागू होत नाही, एवढं मात्र सांगता येईल.

आधी नियम बघू. 1884 मध्ये पिचरसाठी उंचवटा नव्हता. सपाट जमिनीवर आखलेली चौकट असायची, आणि तिची पुढची रेघ होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभा राहतो तिथून) 50 फुटांवर होती. आजचं 60 फूट 6 इंचांचं अंतर 1893 मध्ये आलं, तोवर रॅडबोर्नची कारकीर्द संपली होती. चौकटीच्या आत पाऊल टाकत, उडी मारत बॉल सोडायला मुभा होती. हात किती उंचीवरून यावा यावर आधी बंधन होतं. ते टप्प्याटप्प्यानं सैल होत गेलं आणि 1884 मध्ये नॅशनल लीगनं (प्रॉव्हिडन्स जिच्यात खेळायचा त्या स्पर्धेनं) ते पूर्णच काढलं. आपल्या क्रिकेटमध्येही अंडरआर्मवरून राउंडआर्म आणि मग 1864 मध्ये ओव्हरआर्म असाच प्रवास झाला, तेव्हा हे समजायला अवघड जाऊ नये. बंधन गेलं तरी रॅडबोर्न बराचसा खालून आणि बाजूनंच टाकत राहिला. हात खांद्यावरून आणायचा तो मधूनच, बॅटरला चकवण्यापुरता.

आणखी काही गोष्टी आहेत. चेंडू हवा तर उंच, हवा तर खाली मागायचा हक्क तेव्हा बॅटरला होता. म्हणजे पिचरला निम्माच पट्टा वापरता यायचा, हा तोटा. पण वॉक द्यायला, म्हणजे पट्ट्याबाहेर टाकल्यामुळे बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जाऊ द्यायला, आजच्यासारखे चार नाही, सहा चुकीचे बॉल लागत, हा फायदा. एकच चेंडू वापरून वापरून मऊ आणि काळपट होई. फील्डर बहुतेक उघड्या हातांनी झेल घेत, आणि रॅडबोर्न स्वतःही ग्लोव्हशिवायच खेळायचा. या सगळ्याचा परिणाम असा की प्रत्येक बॅटरला जीव तोडून बाद करण्याची गरज नव्हती. त्याला चुकीचा फटका मारायला लावला की भागत होतं.

त्याचे 441 स्ट्राइकआउट ऐकायला प्रचंड वाटतात, पण इनिंगनं भागून बघा. दर नऊ इनिंगला ते सहासुद्धा भरत नाहीत. आजच्या मेजर लीगची सरासरी आठाच्या वर आहे. वॉक मात्र सबंध वर्षात 98. म्हणजे हा माणूस वेगावर कमी आणि नेमक्या जागी टाकण्यावर जास्त जगत होता. कर्व्ह (वळणारा बॉल), संथ बॉल, त्याच हालचालीतून वेगळा वेग आणि बॅटरची नजर वाचणं हे त्याचं भांडवल. माझ्याकडच्या मुलांना मी त्याचं काही शिकवलंच तर हेच शिकवतो, कारण हे पंधराव्या वर्षीही शिकता येतं आणि यानं हात लवकर थकत नाही. पण नव्वद टक्के मुलांना स्पीडगनवरचा आकडा हवा असतो, आणि रॅडबोर्नच्या आकड्यांतला फक्त 59.

आता त्या उन्हाळ्याकडे येऊ. त्यानं एवढं का टाकलं, हे कळल्याशिवाय कसं टाकलं हे कळत नाही.

तेव्हा संघात बाराएक खेळाडू असत. पिचर दोन. एक टाकायचा, दुसरा बहुधा राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या टोकाकडे, क्षेत्ररक्षणाला) उभा राहायचा. दुखापत किंवा आजारपण सोडलं तर बाहेरचा बदली खेळाडू आणताच येत नसे. पिचर बदलायचा तर मैदानावरच्याच दोघांची अदलाबदल करावी लागे. 17 ऑगस्ट 1882 ला डेट्रॉइटविरुद्धचा सामना 18 इनिंग चालला. प्रॉव्हिडन्सकडून सगळ्या इनिंग जॉन मॉन्टगोमेरी वॉर्डनं टाकल्या, आणि राइट फील्डला उभ्या असलेल्या रॅडबोर्ननं अठराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना 1-0 नं जिंकून दिला. पुढच्या वर्षी वॉर्ड न्यूयॉर्कला गेला, भार रॅडबोर्नवर आला, आणि त्यानं 1883 मध्ये 632 च्या वर इनिंग टाकून 48 सामने जिंकले. लोक 1884 चं बोलतात, पण तो त्या मोसमात उतरला तोच हे ओझं घेऊन.

1884 मध्ये जोडीला चार्ली स्वीनी होता. वय 21, हातात भरपूर वेग. 7 जूनला बॉस्टनविरुद्ध त्यानं 19 स्ट्राइकआउट घेतले. नऊ इनिंगच्या सामन्यात हा आकडा ओलांडायला मेजर लीगमध्ये 1986 साल उजाडावं लागलं. रॅडबोर्न तिशीचा, मिशाळ, तिरसट, पिणारा. सगळं कौतुक या पोराच्या वाट्याला जातंय हे त्याला रुचलं नसणार. जुलैच्या मध्याला एका सामन्यात त्यानं चिडून वाटेल तसे बॉल फेकले, आणि मुद्दाम हरल्याच्या संशयावरून संघानं त्याला निलंबित केलं. 22 जुलैला स्वीनी दारू पिऊन खेळत होता. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टनं त्याला राइट फील्डला जायला सांगितलं, तर तो मैदान सोडून चालता झाला. बदली आणता येत नव्हता, म्हणून प्रॉव्हिडन्सनं उरलेला सामना आठ जणांत खेळला आणि हरला. स्वीनी लवकरच दुसऱ्या लीगमधल्या सेंट लुईसच्या संघाला जाऊन मिळाला.

संघच मोडतो की काय अशी वेळ आली होती. तेव्हा रॅडबोर्न पुढे आला आणि म्हणाला, उरलेला मोसम मी टाकतो, पण वाढीव पैसे द्या आणि वर्षाअखेर मला मोकळं करा. हे 'मोकळं करा' महत्त्वाचं आहे. त्या काळी 'रिझर्व्ह' नावाची अट होती. संघानं एखाद्याला राखून ठेवलं की करार संपला तरी त्याला दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे रॅडबोर्नचा हात हा त्याच्यापाशी असलेला सौदा करण्याजोगा एकमेव ऐवज होता, आणि तो त्यानं पणाला लावला. खाटकाचा मुलगा, स्वतःही ते काम केलेला, रेल्वेत ब्रेकमन म्हणून राबलेला माणूस. त्याच्या दृष्टीनं हा धंद्याचा हिशेब होता. शालेय स्पर्धेत टाकणाऱ्या मुलापुढे असला कोणता हिशेब आहे, हे त्याला शांतपणे विचारून बघा.

23 जुलै ते 24 सप्टेंबर या काळात प्रॉव्हिडन्सचे 43 सामने झाले. त्यातले 40 रॅडबोर्ननं सुरू केले आणि 36 जिंकले. मधे सलग 18 विजय आले. संघ 84 विजय आणि 28 पराभवांवर संपला, दुसऱ्या क्रमांकावरच्या बॉस्टनच्या साडेदहा सामने पुढे. मग ऑक्टोबरच्या थंडीत न्यूयॉर्कला अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगच्या विजेत्या मेट्रोपॉलिटन संघाशी तीन सामने झाले. 23, 24 आणि 25 तारखेला, सलग. तिन्ही त्यानंच टाकले, तिन्ही जिंकले.

हे सगळं हात न दुखता झालं असं मात्र अजिबात नाही. त्या काळच्या आठवणींत सांगतात की सकाळी उठल्यावर त्याचा हात डोक्यापर्यंत जात नसे, केस विंचरणं जमत नसे. मालीश, गरम पाण्याचे टॉवेल, आणि मग मैदानावर अगदी जवळून हळूहळू फेकत, एकेक पाऊल मागे सरत हात मोकळा करायचा. दुपारी सामना. हा वॉर्मअप मला पटतो, आजही जवळून सुरू करून अंतर वाढवत नेणं हीच रीत आहे. पण सकाळी हात वर जात नसेल तर दुपारी टाकू देणारा प्रशिक्षक आज कोणी भेटला, तर मुलाला घेऊन सरळ घरी या.

पुढे काय झालं? करारानं मिळालेली मोकळीक असूनही तो 1885 ला प्रॉव्हिडन्सकडेच राहिला. त्या वर्षी 445 च्या वर इनिंग टाकल्या, 28 सामने जिंकले, 21 हरला, आणि स्ट्राइकआउट घेतले 154. आदल्या वर्षीच्या 441 शी ताडून बघा. दर नऊ इनिंगला सहाच्या जवळ असलेला आकडा तीनवर आला. नियम थोडेफार बदलत होते, बॅटर वरून येणाऱ्या बॉलला सरावत होते, हे मान्य. तरीही एवढी घसरण केवळ नियमांनी होत नाही. मला त्यात थकलेला खांदा दिसतो. 1883 आणि 1884 या दोन मोसमांत मिळून 1311 इनिंग टाकलेल्या हाताकडून दुसरी अपेक्षा काय करणार?

तो संपला मात्र नाही, आणि हेही मुलाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रॉव्हिडन्सचा संघ बंद पडल्यावर तो बॉस्टनला गेला. 1886 ला 27 विजय आणि 31 पराभव, 1887 ला 24 आणि 23, 1888 ला फक्त 7 विजय. मग 1889 ला पुन्हा 20. 1890 ला खेळाडूंनी रिझर्व्हच्या जाचाला कंटाळून स्वतःची प्लेयर्स लीग काढली. पुढाकार त्याच जुन्या सहकाऱ्याचा, वॉर्डचा. रॅडबोर्न त्या लीगमधल्या बॉस्टनच्या संघात गेला, 27 सामने जिंकले, संघ विजेता ठरला. लीग वर्षभरात बुडाली. 1891 ला सिनसिनाटीत 11 विजय, आणि थांबला. एकूण 309 विजय, 1830 स्ट्राइकआउट. 1939 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) नाव गेलं. स्वभावाची झलक हवी असेल तर 1886 चा बॉस्टन आणि न्यूयॉर्क संघांचा एकत्र फोटो शोधा. मागच्या रांगेत हा गृहस्थ कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवतोय. (मुलाला दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.)

निवृत्तीनंतर इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला त्यानं बिलियर्ड आणि दारूचं दुकान चालवलं. शिकारीत बंदुकीचा अपघात होऊन एक डोळा गेला, चेहराही विद्रूप झाला. 1897 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी वारला. याचा हाताशी संबंध जोडू नका. पिचिंगनं त्याला मारलं वगैरे लिहिलेलं दिसलं तर ते भरताड आहे.

मुलाला सांगायला माझ्या मते रॅडबोर्नपेक्षा स्वीनी जास्त कामाचा. वय मुलाच्या जवळचं, वेगावर भर, आणि अंगात रग. 1884 मध्ये दोन्ही संघ मिळून त्यानं 41 सामने जिंकले. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याच्या निम्मेही नाहीत. दुखरा खांदा, दारू, डोकं, यातलं कुठल्याला किती बोल लावायचा हे आज ठरवणं अवघड आहे. पण 1884 च्या त्या मोसमात शेकड्यांनी इनिंग टाकणारे पिचर बरेच होते. त्यातला ज्याचा हात टिकला त्याचं नाव दीडशे वर्षांनंतर तुमच्या मुलाला माहीत आहे. बाकीच्यांची माहिती त्याला कोणी दिलीच नाही.

आता माझ्या मैदानावरचं. आज उंचवट्यावरून, वरून, पूर्ण ताकदीनं टाकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यावर) दर बॉलला जबर ताण येतो. ते तुटल्यावर करायची शस्त्रक्रिया 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, आणि आता ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. पंधरा वर्षांच्या मुलाची हाडं अजून वाढतायत, त्यामुळे धोका लिगामेंटइतकाच हाडांच्या वाढीच्या पट्ट्यालाही आहे.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शाळा-कॉलेजांत चांगला रुजलाय, आणि बरीच मुलं दोन्ही खेळतात. 'सॉफ्टबॉल खालून टाकतात, त्यानं काही होत नाही' हे वाक्य मी सारखं ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. कोपराचं दुखणं कमी दिसतं, पण विंडमिल ॲक्शननं (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकण्यानं) खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाचा स्नायू जिथे जोडला जातो तिथे दुखायला लागतं. शिवाय रॅडबोर्नच्या काळातलं खालून टाकणं लंबकासारख्या झोक्याचं होतं, पूर्ण गोल फिरवण्याचं नव्हतं. म्हणून मी सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे बॉल एकाच वहीत, एकाच खात्यावर मोजतो. दोन प्रशिक्षक असतील तर वही मुलाच्या पिशवीत राहते, कारण त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं होईलच याचा भरवसा नसतो.

आकडा हवाच असेल तर मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये काढलेली 'पिच स्मार्ट' मार्गदर्शिका मी आधार धरतो. 15-16 वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल, आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. 31 ते 45 टाकले तरी एक दिवस. ही वरची मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. मी बहुतेकदा त्याच्या बराच आधी थांबवतो, कारण आकड्यापेक्षा मुलाचं शरीर आधी बोलतं. बॉल अचानक उंच जायला लागतात. कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरतं. दोन बॉलमधला वेळ वाढतो. मुलगा हात झटकतो आणि विचारलं तर 'काही नाही सर' म्हणतो. कॅचरला (बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याला) विचारा, त्याला सगळ्यात आधी कळतं. आणि पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी मुलाला कॅचर म्हणून बसवू नका. राइट फील्डलाही नको, तिथून लांबचे थ्रो करावे लागतात. फर्स्ट बेस चालेल.

दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलं, किंवा कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवल्यावर दुखलं, तर बर्फ लावून पुन्हा मैदानावर पाठवू नका. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरला दाखवा. गावात नसेल तर जवळच्या शहरात जा, तोवर फेकणं बंद.

राहिलं 59 की 60. घोळ 28 जुलै 1884 च्या फिलाडेल्फियाच्या सामन्याचा आहे. प्रॉव्हिडन्सकडून सायक्लोन मिलरनं पाच इनिंग टाकल्या, मग रॅडबोर्ननं येऊन उरलेल्या चार टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. विजय कोणाच्या नावावर मांडायचा याचा पक्का नियम तेव्हा नव्हता, ते स्कोररवर असायचं. त्याला रॅडबोर्नची कामगिरी सरस वाटली, त्यानं विजय त्याच्या खात्यावर लिहिला. आजच्या नियमानं तो मिलरचा. म्हणून जुन्या यादीत 60 आणि नव्या यादीत 59. मी 59 धरतो.